सकाळी झेंडा, संध्याकाळी विसर्जन



मराठवाड्यातल्या शाळांत वर्षातून चारदा झेंडा चढतो. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट हे सगळ्या महाराष्ट्रात असतात. चौथा १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, हा आमचा. तो बऱ्याचदा गणपतीतच येतो. २०२४ ला तर अनंत चतुर्दशी नेमकी त्याच दिवशी होती. झेंडावंदन झाल्यावर मी चौथीच्या मुलांना विचारलं, "आज झेंडा कशासाठी?" एकानं लगेच हात वर केला, "मॅडम, गणपती जाणार म्हणून!" वर्ग हसला, मीही हसले. पण दुसरं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

चूक पोरांची नाही हो. आपण प्रभातफेरी काढतो, घोषणा देतो, खाऊ वाटतो आणि घरी जातो. गणपतीत लेकीला घेऊन देखावे बघायला गेले, तर कुठे केदारनाथ, कुठे चांद्रयान. छानच होते. चांद्रयानाचा अभिमान मलाही आहे. पण आपल्याच गावची गोष्ट एकाही मंडळाला सुचू नये?

त्याच फेरीत शेजारच्या आजींकडे टेकलो. वय नव्वदीच्या पुढं. सहज विषय काढला तर म्हणाल्या, "पंधरा ऑगस्टला आमच्यात कुठला आलाय झेंडा? रझाकार आले म्हटलं की आम्ही पोरीबाळी ज्वारीत लपून बसायचो." लेक बघतच राहिली. देश १९४७ लाच स्वतंत्र झाला, हे तिनं पुस्तकात वाचलेलं! मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. म्हणजे आपल्याला तेरा महिने उशिरा स्वातंत्र्य मिळालं. या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते. आपल्यासारखेच मास्तर! हे सांगितलं की मुलांचे कान टवकारतात.

एक गोष्ट मात्र जपून सांगा. वर्गात सगळ्या घरची लेकरं बसलेली असतात. रझाकारांविषयी बोलताना एखादं मूल मान खाली घालतंय का, तिकडे लक्ष असू द्या. लढा निजामाच्या राजवटीशी होता, शेजाऱ्याशी नव्हता. संस्थानानं भारतात यावं असं लिहिणारे हैदराबादचे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. त्यांचं नाव घेतल्याशिवाय मी आता हा पाठ पुढे नेत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की भाषणं थोडी कमी करा आणि परिसरभेट काढा. मुलांना आधी आजी-आजोबांना दोन प्रश्न विचारून यायला सांगा. ते दिवस पाहिलेली माणसं आता हाताच्या बोटांवर उरलीत, पुढच्या वर्षावर ढकलू नका. मग गावात किंवा जवळपास हुतात्मा स्मारक असेल तिथे न्या. पाटीवरची नावं मुलांनाच मोठ्यानं वाचू द्या. आमच्या वर्गातल्या एका पोराला तिथे स्वतःचंच आडनाव सापडलं. दोन दिवस तो दुसरं काही बोलेना.

स्मारकाला बहुतेक कुलूप असतं. किल्ली आदल्या दिवशीच ग्रामपंचायतीच्या शिपायाकडून मागून ठेवा, गणपतीच्या गडबडीत तो ऐनवेळी सापडत नाही.