खोटे बोला, पण रडीचा डाव नको

घरातल्या मुलाने सरळ चेहऱ्याने खोटे बोलावे, समोरच्यांनी त्यावर विश्वास ठेवावा आणि शेवटी सगळ्यांनी मिळून त्या थापेला टाळ्या द्याव्यात, ही गोष्ट मराठी मध्यमवर्गीय घराला सहजासहजी पचणारी नाही. आपल्याकडे संस्कारांची सुरुवातच ‘खोटे बोलू नये’ या वाक्यापासून होते. तरीही ती आपल्या घरात शिरली आहे. सुटीत जमलेली मावस-चुलत भावंडे, वसतिगृहातली मुले, पुणे, बंगलोर आणि न्यू जर्सीत विखुरलेले कॉलेजचे मित्र, असे सगळे रात्री उशिरापर्यंत ‘माफिया’ नावाचा खेळ खेळतात. कधी गोल करून बसून, आणि आता बहुधा इंटरनेटवर, एकमेकांना लिहून. २०२० च्या टाळेबंदीत ‘अमंग अस’ या व्हिडिओ गेमने त्याची धाकटी आवृत्ती शाळकरी पोरांच्या हाती दिली. २०२५ मध्ये करण जोहर यांनी सूत्रसंचालन केलेल्या ‘द ट्रेटर्स’ या मालिकेने तोच प्रकार दिवाणखान्यात आणून बसवला.

साहजिकच आईवडिलांना प्रश्न पडतो: हा खेळ मुलांना लबाडी तर शिकवत नाही ना? प्रश्न रास्त आहे. पण तो थोडा चुकीच्या जागी विचारला जातो, असे मला वाटते. या खेळात खोटे बोलणे ही लबाडी नव्हेच. लबाडी निराळी आहे, ती बऱ्याचदा खरे बोलूनच केली जाते, आणि ती मात्र मुलांना (आणि मोठ्यांनाही) कोणी समजावून सांगत नाही.

मॉस्कोतून आलेला पाहुणा

हा खेळ १९८६-८७ च्या सुमारास मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात दिमित्री दाविदोव या विद्यार्थ्याने रचला. तिथून तो वसतिगृहांत, मग युरोपात आणि अमेरिकेत पसरला. १९९७ मध्ये अँड्र्यू प्लॉटकिन या अमेरिकन गृहस्थाने माफियांच्या जागी माणसाचे रूप घेणारे लांडगे आणले, आणि ‘वेअरवुल्फ’ या नावानेही तो खेळला जाऊ लागला.

आपल्या ‘राजा, राणी, चोर, शिपाई’ या चिठ्ठ्यांच्या खेळाचा हा थोरला भाऊ समजा. समजा बारा जण आहेत. सूत्रधार प्रत्येकाला गुपचूप एक भूमिका देतो. तिघे माफिया, बाकीचे साधे गावकरी. माफिया एकमेकांना ओळखतात. गावकरी कोणालाच ओळखत नाहीत. ‘रात्री’ सगळे डोळे मिटतात आणि माफिया खुणेने एक बळी ठरवतात. ‘दिवसा’ उरलेले सगळे चर्चा करतात, संशय घेतात आणि बहुमताने एकाला बाद करतात. तो खरोखर माफिया होता की बिचारा गावकरी, हे बहुतेक ठिकाणी लगेच जाहीर होते. सगळे माफिया संपले तर गाव जिंकले. माफियांची संख्या गावकऱ्यांइतकी झाली तर माफिया जिंकले.

जाणत्या थोड्यांची अजाण पुष्कळांशी लढाई, हे या खेळाचे बीज आहे. २००८ मध्ये ब्रेव्हरमन, एतेसामी आणि मोसेल या गणितज्ञांनी त्याचा हिशेब मांडला. गुप्तहेर वगैरे नसलेल्या साध्या खेळात दोन्ही बाजूंना जिंकण्याची सारखी संधी हवी असेल, तर माफियांची संख्या एकूण संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पुरते. म्हणजे मोठ्या गावालाही मूठभर माणसे भारी पडतात, कारण त्यांना ठाऊक असते आणि बाकीच्यांना नसते. गावकऱ्यांच्या हाती एकच हत्यार उरते: बोलणाऱ्याचे बोलणे नीट ऐकणे.

शपथेचा प्रश्न

आता लबाडीकडे येऊ. ऐन रंगात आलेल्या चर्चेत एक खेळाडू म्हणतो, ‘आईशप्पथ, मी माफिया नाही.’ तो खरेच गावकरी आहे. मग यात वाईट काय? त्याने तर सत्यच सांगितले!

पुढे काय होते ते पाहा. एकाने शपथ घेतली की दुसऱ्याला विचारले जाते, ‘तू घेतोस का?’ जो घेईल तो सुटला, जो अडखळेल तो अडकला. दोन मिनिटांत खेळ आटोपतो. आणि जो मुलगा माफिया आहे, त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: आईची खोटी शपथ घ्यायची किंवा हरायचे. दहा-बारा वर्षांच्या पोराला एका खेळासाठी या पेचात टाकणे हा क्रूरपणा आहे. मोबाइलवर आलेली आपली भूमिका दुसऱ्याला दाखवणे, तिचा फोटो पाठवणे, पैजेच्या रकमा लावणे, ‘माझ्यावर विश्वास ठेवला नाहीस तर उद्यापासून बोलणार नाही’ असे धमकावणे, हे सगळे त्याच जातीचे. म्हणूनच लेखी माफिया गांभीर्याने खेळणारी मंडळी हे प्रकार नियमानेच बंद करतात. भूमिकेचा मजकूर जसाच्या तसा उद्धृत करायचा नाही. खेळाबाहेर, फोनवर वा खासगी निरोपात, चालू डावाविषयी बोलायचे नाही. आपण लिहिलेले मागाहून बदलायचे वा खोडायचे नाही. बाद झालेल्याने गप्प राहायचे.

महाभारतातले द्यूत आठवा. शकुनीच्या कपटाबद्दल आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलो. पण त्या सभेत अंगावर काटा येतो तो फाशांच्या कपटाने नव्हे. काटा येतो तो भाऊ आणि द्रौपदी पणाला लागतात तेव्हा. जे पटावर कधी यायलाच नको होते, ते पटावर आले. माफियातली आईची शपथ हे त्याचेच लहानसे, घरगुती रूप आहे. थाप खेळाच्या आत राहते आणि डाव संपला की विरते. शपथ बाहेरून आत येते, आणि डाव संपल्यावरही तिचा ओरखडा राहतो.

पत्त्यांच्या खेळाला हा भेद केव्हाच कळला आहे. ब्रिजमध्ये हातात नसलेल्या ताकदीची बोली लावून प्रतिस्पर्ध्याला चकवणे मर्यादेत मान्य आहे. पण भिडूशी चोरून खुणा करणे हा गुन्हा. २०१५ मध्ये नॉर्वेचे खेळाडू बोये ब्रोगेलाण्ड यांनी इस्रायलच्या फिशर-श्वार्ट्झ या नामांकित जोडीवर उघड आरोप केले. पत्त्यांचा बोर्ड टेबलावर कोठे ठेवायचा, यातून ते एकमेकांना सांकेतिक माहिती देत होते असे निघाले आणि पुढे त्यांच्यावर बंदी आली. चकवणे आणि फसवणे यांतली रेघ सूक्ष्म असते, पण ती असतेच.

रडी आणि पळपुटा

डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी १९३८ च्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. खेळात फसवणारा निदान खेळत असल्याचे सोंग तरी करतो. खेळाचे रिंगण तो मानतो. खेळ मोडणारा मात्र रिंगणच उधळून लावतो, म्हणून लोकांना त्याचा राग अधिक येतो. मराठीत याला फार पूर्वीपासून नेमका शब्द आहे: रडीचा डाव.

माफियातला रडी कसा ओळखावा? संशय आपल्यावर आला की तो म्हणतो, ‘जाऊ दे, मलाच मारा, कंटाळा आला.’ बाद झाल्यावर रागाच्या भरात साथीदाराचे नाव फोडून जातो. मागच्या डावात जिने आपल्याला बाद केले, तिला या डावात कारण नसताना पहिल्याच दिवशी लक्ष्य करतो. किंवा नुसता नाहीसा होतो. लेखी खेळात एकेक ‘दिवस’ प्रत्यक्षात कित्येक दिवस चालतो. त्यात एखाद्याने येणेच बंद केले, तर उरलेल्यांनी कोणाच्या बोलण्याची पारख करायची? कामे सगळ्यांनाच असतात. ‘मला जमणार नाही, बदली खेळाडू घ्या’ असे सूत्रधाराला कळवायला अर्धा मिनिट लागतो. ते न करणारा दहा-बारा माणसांची कित्येक दिवसांची मेहनत पाण्यात घालतो, आणि त्याला आपण काही वाईट केल्याची जाणीवही नसते.

उलट बाजूचेही एक उदाहरण आपल्याच मुंबईतले आहे. १९८० च्या फेब्रुवारीत वानखेडे स्टेडियमवर इंग्लंडविरुद्धच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत पंचांनी बॉब टेलरला बाद दिले. चेंडू बॅटला लागला नसल्याची खात्री पटल्याने आपला कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ याने त्याला परत बोलावले. टेलर आणि इयान बॉथम यांनी सहाव्या विकेटसाठी १७१ धावांची भागी केली आणि भारत १० विकेटनी हरला. त्या पराभवाचे दुःख आज कोणाला आठवत नाही. विश्वनाथचे वागणे आठवते. माफियातही असे क्षण येतात. सूत्रधाराच्या चुकीने एखाद्याला दुसऱ्याची भूमिका दिसून जाते. तेव्हा गुपचूप सूत्रधाराला सांगून टाकणे आणि त्या माहितीवर डाव न खेळणे, हे छोट्या प्रमाणावर विश्वनाथचेच वागणे होय. ते कोणी पाहणार नसते, म्हणून त्याची किंमत अधिक.

शब्द कोठे लागतो

या खेळात आरोप करावेच लागतात. ‘काल तू एक म्हणालास आणि आज दुसरे म्हणतो आहेस’ हा खेळीचा भाग झाला. ‘तू मुळातच खोटारडी आहेस’ हा माणसावरचा वार. लिहून खेळताना हा फरक फार लवकर पुसला जातो, कारण समोरच्याचा पडलेला चेहरा दिसत नाही. त्यातून आयुष्यातले पुरावे आणले जातात: ‘परवा ऑफिसात आजारपणाची थाप मारून सुटी घेतलीस ना, मग?’ सगळ्यांच्या देखत असे वाक्य आले की डाव संपला तरी तो घाव उरतो. नवख्या मुलीला किंवा कमी बोलणाऱ्या मुलाला ‘काही बोलत नाही, म्हणजे तोच’ म्हणून दर वेळी पहिल्यांदा बाद करणे हाही असाच शांत अन्याय. दोन-तीनदा असे झाले की ते पोर पुन्हा खेळायला येत नाही, आणि का येत नाही हे कोणी विचारत नाही.

आता मूळ आक्षेप. खोटे बोलण्याची सवय लागेल, त्याचे काय? निळू फुले यांना पडद्यावर पाहून बायाबापड्या शिव्या देत. तो माणूस मात्र राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेला, साधा आणि सामाजिक कामात रमणारा होता. सोंग आणि स्वभाव यांत अंतर राहते, कारण हे सोंग आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. माफियात खोटे बोलले जाणार हे सगळ्यांनी आधी मान्य केलेले असते. रोजच्या थापेला ही संमती नसते. हा फरक ज्याला अजून कळत नाही अशा लहान मुलाला बसवू नये, आणि ज्याला थाप मारताना खरोखर त्रास होतो त्याला आग्रह करू नये. त्याला सूत्रधार करावे. चांगला सूत्रधार निम्मा खेळ सांभाळतो.

माझ्या मते या खेळाचा खरा धडा थाप मारणाऱ्यापेक्षा गावकऱ्यांसाठी आहे. मोठ्या आवाजात, खात्रीने बोलणाऱ्या एकामागे सगळे गाव जाते, हात वर होतात, एक जण बाद होतो, आणि मग कळते की तो निरपराध होता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना ठार मारले. तिथे चिठ्ठी उघडून चूक दुरुस्त करायची सोय नव्हती. आपली खात्री किती फसवी असू शकते, हे एखाद्या मुलाला दिवाणखान्यात, कोणाचाही जीव न जाता, वारंवार अनुभवायला मिळत असेल, तर ती शिकवण स्वस्तात पडली म्हणायची. पण ती मिळायची तर डाव नेकीने खेळला गेला पाहिजे. शपथांनी आणि फुटलेल्या गुपितांनी जिंकलेल्या डावात कोणी काहीच शिकत नाही.

तेव्हा पालकांनो, या सुटीत पोरे ‘माफिया’ला बसली तर दटावू नका, जमल्यास आपणही एक चिठ्ठी उचला. सुरुवातीला एवढेच ठरवून घ्या: शपथ नाही, भूमिका दाखवायची नाही, बाद झालेल्याने बोलायचे नाही, मधेच पळायचे नाही आणि खेळातला राग खेळाबाहेर न्यायचा नाही. डाव संपला की सगळ्या चिठ्ठ्या उघडा आणि कोणी कोणाला कसे गंडवले ते हसत हसत सांगू द्या. ज्याला त्या वेळी हसू येत नसेल, त्याच्याशी नंतर जरा वेगळे बसून बोला.