पैसे कुठून आले, हे विचारणार कोण?

परवा रविवारी दुपारी शेजारच्या वहिनींकडे गेले होते. टीव्हीवर ‘वास्तव’ लागला होता. रघू गळ्यात जाडजूड सोन्याची चेन घालून घरी येतो आणि मोठ्या ऐटीत ती आईला दाखवतो, तो प्रसंग चालू होता. वहिनींचा नववीतला मुलगा गळ्यात चार्जरची वायर अडकवून हुबेहूब तसाच चालून दाखवत होता. वहिनी हसल्या, मीही हसले. घरी आल्यावर मात्र ते हसू टोचायला लागलं.

‘वास्तव’ १९९९ सालचा. इतक्या वर्षांनंतरही पोरांना त्यातली चेन पाठ आहे. शेवट किती जणांना आठवतो? शेवटी हीच आई, म्हणजे रीमा लागू, आपल्या हाताने लेकाला गोळी घालते.

आपल्याकडचे गुंडांचे सिनेमे नीट बघा, मैत्रिणींनो. त्यातला ‘मर्द’ म्हणजे ज्याला सगळे घाबरतात तो. आणि बाप? तो बहुतेक वेळा बिचारा असतो. ‘लालबाग परळ’मध्ये (२०१०) गिरणी बंद पडलेलं घर आहे, ‘मुळशी पॅटर्न’मध्ये (२०१८) जमीन विकून हात चोळत बसलेला बाप आहे. बेकारी, फसवणूक, हे सगळं खरंच आहे. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या घरांची काय दशा झाली, ते आपल्यातल्या अनेकींनी नात्यागोत्यात पाहिलंय. पण बघणाऱ्या पोराच्या डोक्यात काय बसतं? घाम गाळणारा हरला आणि घोडा चालवणारा जिंकला!

आपल्या भिवंडीत हे जास्तच लागतं. इथे घराघरात यंत्रमागाचा खडखडाट. बारा-बारा तास माग चालवणारा बाप, कांड्या भरणारी नाहीतर घरी बसून धागे कापणारी आई. आता गोदामांत माल चढवणारी पोरं. यांच्यावर कोण सिनेमा काढणार? मग धामणकर नाक्यावर उभं राहून मोबाइलवर ‘भाई’च्या रील बघणाऱ्या पोराला बापाची कमाई फिकी वाटली, तर नवल नाही.

या सिनेमांतला भाई सगळं ‘घरच्यांसाठी’ करतो म्हणे. पण घरातल्या बाईला तो विचारतो कधी? ‘सत्या’तला (१९९८) नायक विद्यापासून आपला धंदा लपवून ठेवतो. हॉलिवूडच्या ‘गॉडफादर’मध्ये (१९७२) शेवटी नवऱ्याच्या खोलीचं दार बायकोच्या तोंडावर बंद होतं. आत काय चाललंय ते तिने विचारायचं नाही, बंगल्यात राहायचं तेवढं.

विचारणाऱ्या बायकाही पडद्यावर आहेत. ‘दीवार’मधली (१९७५) आई पैशाचा उगम कळल्यावर विजयच्या आलिशान घरातून निघते आणि धाकट्याच्या साध्या घरी राहायला जाते. ‘सत्या’च्या शेवटी विद्या दार उघडत नाही. या बायकांचं मोठेपण मला मान्य आहे. पण एक गोष्ट खटकते. त्यांचा नकार येतो तोवर सगळं हातातून गेलेलं असतं. आईच्या वाट्याला उरतं ते लेकाचं मरण बघणं, नाहीतर स्वतःच ते देणं.

आपल्या घरात तेवढा उशीर कशाला करायचा? महागडा मोबाइल आला, कोणाची तरी नवी गाडी दारात उभी राहिली, ‘मित्राने दिली’ असं उत्तर मिळालं, की आपण गप्प बसतो. कधी भीतीने, कधी हप्ता भरायचा असतो म्हणून. कधी तर मनातून थोडं बरंही वाटतं, खोटं कशाला बोला! लेक बहिणीवर हात उगारतो, तेव्हाही ‘पुरुषाची जात, तापट असायचीच’ म्हणून आपणच सोडून देतो. मर्दपणाचा पहिला धडा थिएटरात नाही, इथेच मिळतो.

ताकदीचा दुसरा नमुना याच गावाने दाखवलाय. १९८४ च्या दंगलीने भिवंडी होरपळली होती. पुढे सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यांनी गल्लोगल्ली मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं एकत्र बसू लागली. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. भडकलेल्या पोराचा हात धरून ‘घरी चल’ म्हणणाऱ्यालाच खरी छाती लागते. ही गोष्ट आपण आपल्या मुलांना कधी सांगितली?

वहिनींना मी हे भाषण दिलं नाही. एवढंच म्हटलं, पुढच्या वेळी ‘वास्तव’ लागला की चहा टाका, मीही येते. पोराला जवळ घेऊन बसू आणि शेवटपर्यंत बघू. मग त्यालाच विचारू, त्या आईने चेन बघितली त्याच दिवशी काय विचारायला हवं होतं?