पणजीचं नाव काय?

‘वंशावळ’ हा शब्द आपल्यापैकी बऱ्याच जणांना अॅडमिशनच्या वर्षीच पहिल्यांदा कळतो. माझंही तसंच झालं. व्हॅलिडिटी काढायची, तर ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणून बारावीची सगळी सुट्टी मी आणि बाबा शाळा, तलाठी, तहसील अशा चकरा मारत होतो.

आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा लगेच मिळाला. खरी मजा आली ती तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये. गावाच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, म्हणजे कोतवाल बुक, उघडली आणि एक अक्षर लागेना. सगळं मोडीत! आधी पानभर रेघ ओढायची आणि मग लेखणी शक्यतो न उचलता तिच्याखाली लिहीत सुटायचं, अशी ही लिपी. शेवटी मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी वाचून दिलं. १९३४ साल, पणजोबांचं नाव, जात, आणि पुढे ‘मुलगा’. तो मुलगा म्हणजे आमचे आजोबा.

काम झालं. पण घरी येताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. जन्माची नोंद, आणि जिनं जन्म दिला तिचंच नाव नाही! आम्ही करून दिलेली वंशावळ तरी काय वेगळी होती? खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, बाबा, मी. नुसती पुरुषांची शिडी.

आजीला विचारलं, तुझ्या सासूचं नाव काय? ती हसली. म्हणाली, “सासूचं नाव कोण घेतं रे? आत्याबाई म्हणायचो.” बराच वेळ आठवून म्हणाली, “सगुणा.” आणि माहेरचं नाव? “ते त्यांनाच ठाऊक.”

मित्र म्हणतात, सर्टिफिकेट मिळालं ना, मग आता कशाला उकरतोस? माझं म्हणणं एवढंच, की सरकारी वंशावळ ही हक्काचा पुरावा आहे, घराचा इतिहास नव्हे. आणि हा इतिहास कुळाची ऐट मिरवायला नकोय. आपण कोणाच्या कष्टावर इथवर आलो, ते कळायला हवाय.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या कागदपत्रांवर राज्यात आईचं नाव बंधनकारक झालं, हे चांगलंच झालं. पण मागच्या पिढ्यांचं काय? त्यांची नावं कुठल्याही सर्व्हरवर नाहीत. ती आज्यांच्या डोक्यात आहेत, आणि तिथला बॅकअप कुणीच घेतलेला नाही.

तेव्हा दिवाळीला घरी जाल तेव्हा वही-पेन घेऊन आजीजवळ बसा. दोन्हीकडच्या बायकांची नावं विचारा, सासरची आणि माहेरचीसुद्धा. नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलात, तर तीर्थोपाध्यांच्या वहीत आपलं घराणं शोधा, आणि नवी नोंद करताना आई-आजीची नावं आवर्जून सांगा.

आमच्या वंशावळीच्या झेरॉक्सवर पणजोबांच्या शेजारी मी पेन्सिलीनं ‘सगुणा’ लिहिलंय. कंसात माहेरच्या नावासाठी जागा सोडलीय. ती भरेल असं वाटत नाही. तुमची अजून भरू शकते.