डोळा शाबूत, मग लेकराला दिसत का नाही?

शेलूबाजारजवळून आज समृद्धी महामार्ग धावतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याच्या नागपूर-शिर्डी टप्प्याचे मोठ्या थाटात उद्घाटन झाले. परंतु गावखेड्यातील सेरेब्रल पाल्सीचे लेकरू कित्येकदा आजही घरातल्या खाटेवरच आहे. 'ते बघत नाही, त्याला समजत नाही', असे म्हणून 'मतिमंद' हा शिक्का मारला की समाज मोकळा!

वस्तुस्थिती वेगळी आहे. सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला झालेली इजा. हातापायांना हुकूम देणाऱ्या तंतूंच्या जवळूनच डोळ्यांचे संदेश मेंदूच्या मागच्या भागात नेणारे तंतू जातात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतील हा पांढरा भाग दुखावला, तर पाय कडक होतात आणि नजरही अधू होऊ शकते. जन्मताना बाळ गुदमरले किंवा त्याच्या रक्तातील साखर फार घसरली, तरी दृष्टीची केंद्रे जायबंदी होतात. डोळा शाबूत असतो; पाहिलेल्याचा अर्थ मेंदूला लावता येत नाही. मग नुसती बॅटरी मारून 'डोळे चांगले आहेत' म्हणणे ही तपासणी झाली काय?

अशा मुलाला स्थिर वस्तूपेक्षा हलणारी वस्तू लवकर दिसू शकते. गच्च भरलेल्या पानावरचे अक्षर सापडत नाही, पायाखालची पायरी चुकते. सकाळी दिसलेले थकल्यावर दिसत नाही आणि शाळेत त्याला 'नाटकी' ठरवले जाते. साध्या पार्श्वभूमीवर एका वेळी एकच भडक रंगाची वस्तू, मोठे अक्षर, पुरेसा वेळ आणि गरज असल्यास चष्मा, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. लहान वयात मेंदू शिकाऊ असतो, म्हणून तपासणी लवकर हवी.

यात मागच्या जन्माचे पाप नाही की कुणाची करणी नाही. गंडेदोऱ्यांत घालवलेली वर्षे परत येत नाहीत.

मुंबईत डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. तो प्रकाश खेड्यापर्यंत नेण्याची जबाबदारी शासनाची आहे. अपंगत्व आलेल्यांना साहाय्य द्यावे, असे संविधानाचे कलम ४१ सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २५ नुसार वर्षातून किमान एकदा सर्व बालकांच्या तपासणीची तजवीज करणे शासनावर बंधनकारक आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला कलम ३१ प्रमाणे ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. एकाहून अधिक दिव्यांगत्वे असल्यास 'बहुविकलांगता' हा स्वतंत्र प्रवर्ग आहे. म्हणून दाखल्यासाठी जाताना केवळ हातापायांची नव्हे, तर दृष्टीचीही तपासणी लेखी अर्ज देऊन मागा. निर्णय मान्य नसेल, तर कलम ५९ खाली अपील करा.

२०१८ पासून वाशीम हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. आकांक्षा कागदावर नको. आशा सेविका, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांना ही लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण द्या. कार्यकर्त्यांनीही आपापल्या वस्तीत असे लेकरू घरात दडलेले नाही ना, हे पाहावे. ही दयेची भीक नव्हे, हा कायदेशीर हक्क आहे!