दाखल्यात नसलेला रकाना

जिल्हा न्यायालयाच्या फाटकाशी उभं राहून एक कागद किती हातांतून जातो ते पाहावं. टायपिस्ट पानामागे पैसे घेतो. झेरॉक्सवाला घेतो. स्टँप व्हेंडर घेतो. नोटरी शिक्का मारतो आणि घेतो. नक्कल काढायची तर तिची फी ठरलेली आहे. हा कागद काखेत धरून या सगळ्यांकडे फिरणारा, आणि पुकारा झाला की न्यायाधीशांपुढे उभा राहणारा काळा कोट मात्र बऱ्याचदा फुकट असतो. तो शिकतोय, असं सांगतात.

शिकण्याबद्दल वाद नाही. नगरच्या न्यू लॉ कॉलेजातून असो की पुण्याच्या एखाद्या नामांकित कॉलेजातून, पदवी घेऊन आलेल्याला पहिल्या दिवशी साधा मुदतीचा अर्ज धड लिहिता येत नाही. उलटतपासणी कुठे थांबवायची, हे पुस्तकातून कळत नाही. पहिले काही महिने सीनियरचा वेळच खर्ची पडतो. मान्य. पण हाच मुलगा पुढे सकाळी श्रीगोंद्याची तारीख घेतो आणि दुपारी कर्जतला पोचतो, तेव्हा तो विद्यार्थी उरलेला नसतो. त्या तारखेचे पैसे पक्षकाराने मोजलेले असतात. तारीख घेतली एकाने, पैसे पोचले दुसऱ्याकडे. पेट्रोल पहिल्याचं.

नव्याने स्वतंत्र काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकावं लागतं. फोटोग्राफर, डिझायनर, अनुवादक, सगळ्यांना. आधी काम दाखव, पैशाचं पुढे बघू. पण डिझायनर एका गिऱ्हाइकाला नाही म्हणून दुसरीकडे जाऊ शकतो. त्याचा अनुभव कुणी सही करून द्यावा लागत नाही. वकिलाचं आता तसं राहिलेलं नाही.

२० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेला बसायचं तर तीन वर्षांची वकिली हवी. २००२ मध्ये काढलेली अट परत आली. कारण पटण्यासारखं आहे. कोर्ट आतून न पाहिलेला माणूस थेट न्यायासनावर बसला तर त्याची किंमत पक्षकार मोजतो.

त्याआधी, १५ ऑक्टोबर २०२४ रोजी, बार कौन्सिल ऑफ इंडियाने एक परिपत्रक काढलं होतं. ज्युनियरला शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये मानधन द्यावं. किती काळ? किमान तीन वर्षं. मद्रास उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जूनमध्ये तमिळनाडूच्या बार कौन्सिलला हेच आकडे सांगितले होते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ते देशभर नेले, पण शिफारस म्हणून. दिलं तर उत्तम. नगरच्या किंवा नेवाशाच्या बार रूममध्ये १५,००० हा आकडा कुणी गंभीरपणे उच्चारेल असं वाटत नाही.

हे दोन कागद शेजारी ठेवून वाचावेत. इथेही तीन वर्षं, तिथेही तीन वर्षं. अनुभव सक्तीचा आहे. त्या अनुभवाचं मानधन ऐच्छिक आहे.

आणि अनुभव घेतला हे सांगणार कोण? निकालात त्याची सोय आहे. कोर्टाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याने दाखला द्यावा, किंवा किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाने द्यावा आणि त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची मोहोर असावी. व्यवहारात बहुतेकांना दाखला सीनियरच देणार. म्हणजे ज्याच्याकडे मानधन मागायचं, त्याच्याच सहीवर पुढचं सगळं अडलेलं. अडीच वर्षं झालेल्या ज्युनियरने साहेबांपुढे पैशाचा विषय काढावा, अशी अपेक्षा कुणी करू नये. तो काढणार नाही. किमान वेतनाचा कायदाही त्याच्या मदतीला येत नाही, कारण कागदोपत्री तो कुणाचा नोकर नाही. तो स्वतंत्र व्यावसायिक आहे. ही स्वतंत्रता नेमकी पगाराच्या तारखेला आठवते.

मग तीन वर्षं टिकतो कोण? ज्याच्या वडिलांचं नाव चेंबरच्या पाटीवर आधीच आहे तो. ज्याचं नगरमध्ये घर आहे तो. अकोल्याहून किंवा जामखेडहून येऊन खोली घेऊन राहिलेला सनद हातात घेऊन बँकेच्या, पतसंस्थेच्या नोकरीला लागतो. मुलींचं तर घरातच ठरतं. एवढी शिकलीस, अजून कमाई नाही, मग स्थळ पाहू. पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड मजुराला कोयता हातात घेण्याआधी उचल मिळते. उचल म्हणजे कर्ज, तिचं समर्थन कुणी करू नये. पण त्या कामाचा पैसा होतो, हे निदान उचल देणारा मुकादमही मान्य करतो. त्याच मजुराचा मुलगा वकील झाला, की त्याच्या कामाचा पैसा होतो हे मान्य करायला कुणी तयार नाही.

हे सर्वोच्च न्यायालयाला दिसत नाही असंही नाही. ३० जुलै २०२४ च्या निकालात त्यांनीच सांगितलं, की राज्यांच्या बार कौन्सिलना सनदेसाठी कायद्यातल्या ७५० रुपयांपेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही. अनुसूचित जाती-जमातींना १२५. दारातली हजारोंची वसुली बंद केली, कारण तीत गरीब घरचा उमेदवार अडत होता. आता तोच उमेदवार दारातून स्वस्तात आत येईल आणि आत तीन वर्षं बिनपगारी थांबेल. दारात किती वाचले आणि आत किती गेले, हा हिशोब अवघड नाही.

सीनियर मंडळींचं उत्तर ठरलेलं आहे. आम्हीही असेच शिकलो. खरं आहे, शिकले. ज्यांना तसं शिकणं परवडलं नाही, ते आज बार रूममध्ये नाहीत. त्यांचं मत विचारायला त्यांना शोधून आणावं लागेल.

दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक आहे. तालुक्याच्या कोर्टात सीनियरलाच महिन्याला किती सुटतात? काहींना खरोखरच फार सुटत नाहीत. त्यांच्यावर १५,००० ची सक्ती केली तर ज्युनियर घेणंच थांबेल. तिथे सरकारने पुढे यावं. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये नव्या वकिलांना पहिली तीन वर्षं महिना ५,००० रुपये देणारी योजना सुरू केली. रक्कम मोठी नव्हती, खोलीचं भाडं निघण्याइतकी होती. न्यायाधीश सरकारला हवे आहेत, त्यांची तीन वर्षांची तयारीही हवी आहे. तर तयारीचा खर्च कोणत्या हेडखाली पडतो, हे एकदा ठरवावं लागेल. सध्या तो पोराच्या बापाच्या खात्यावर पडतो.

तोवर एक गोष्ट बिनखर्चाची आहे. दाखल्यात एक रकाना वाढवावा. या तीन वर्षांत उमेदवाराला दरमहा किती मानधन दिलं? उमेदवाराची पात्रता त्यावर ठरू नये. त्याची त्यात काही चूक नाही. फक्त दाखला देणाऱ्या वकिलाने तो आकडा स्वतःच्या अक्षरात भरावा. शून्य असेल तर शून्य लिहावं, खाली सही करावी, आणि कागद मोहोरेसाठी जिल्हा न्यायाधीशांपुढे ठेवावा.