रजिस्ट्रीतील 'केर' आणि पाठचिकित्सेचा विवेक

'स्वच्छता' हा शब्द कोणी उच्चारला की त्याला हरकत घेणारा आपोआप घाणीचा कैवारी ठरतो. म्हणून आरंभीच सांगतो, की संगणकाच्या रजिस्ट्रीतून काहीच काढू नये असे आमचे म्हणणे नाही. काय काढावे हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवावे, एवढाच आमचा वाद आहे.

आमच्या विभागातील जुन्या संगणकावर एका दिवंगत सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांकरवी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. हे काम युनिकोड रुळण्यापूर्वीचे. त्यासाठी वापरलेला फॉन्ट एका बाह्य डिस्कवर होता आणि रजिस्ट्रीत त्या डिस्कवरचाच पत्ता नोंदलेला होता. संगणक मंदावल्याची तक्रार झाली, तेव्हा देखभालीसाठी आलेल्या गृहस्थांनी एक 'क्लीनर' चालवला. त्याने काहीशे 'चुका' दाखवल्या आणि एक बटण दाबताच त्या सर्व नाहीशा झाल्या. डिस्क त्या दिवशी कपाटात होती. पत्त्यावर फाइल सापडली नाही, सबब नोंद बाद! दुसऱ्या दिवशी ओव्यांच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रास उमटली. "फाइल करप्ट झाली आहे, काढून टाकू," हा पुढचा सल्लाही तयारच होता.

वास्तविक फाइलमधले एक अक्षरही बदललेले नव्हते. त्या काळच्या फॉन्टांत मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असत. फॉन्ट गेला की तेच क्रमांक रोमन रूपात दिसू लागतात. डिस्क जोडून फॉन्ट पुन्हा बसवला आणि ओव्या परत आल्या. मात्र हे नुकसान डोळ्यांना दिसले म्हणून भरून निघाले. उरलेल्या काहीशे नोंदींसोबत काय गेले, हे आम्हांला आजही सांगता येत नाही.

विंडोज ९५ पासून रजिस्ट्री हे त्या प्रणालीचे मध्यवर्ती दप्तर झाले. पूर्वी अनेक आयएनआय फाइलींत विखुरलेली माहिती तेथे एकत्र आली. कोणती फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडावी, कोणता फॉन्ट कोठे आहे, कोणती सेवा कधी सुरू व्हावी, हे सारे तेथे लिहिलेले असते. क्लीनर ते दप्तर वाचतो, पण त्याला त्याचा अर्थ कळत नाही. तो पत्ता पाहतो, तेथे कोणी सापडले नाही की नोंद 'अनाथ' ठरवतो. घरमालक गावाला गेला आहे की घर कायमचे मोडले आहे, हा भेद त्याच्या कसोटीत बसत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते, की संगणक वेगवान होतो. हा दावा तपासून घ्यावा. प्रणाली दप्तर पहिल्या पानापासून चाळत बसत नाही. ती नेमक्या शाखेवरून नेमक्या नोंदीपाशी जाते. हजारो नोंदींमधून काहीशे कमी झाल्याने जाणवण्याजोगा फरक पडत नाही. मायक्रोसॉफ्टनेही १९९० च्या दशकात 'रेगक्लीन' हे साधन दिले होते आणि पुढे मागे घेतले. अशा साधनांना आपला पाठिंबा नाही, असे ती कंपनी पुढे जाहीरपणे सांगू लागली.

आपल्या अभ्यासक्षेत्रात हा प्रश्न नवा नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ मध्ये ते पुरे झाले. सुखठणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो ओळी मुख्य संहितेबाहेर ठेवल्या, पण त्या जाळल्या नाहीत. त्या तळटीपांत आणि परिशिष्टांत क्रमांकासह छापल्या. संपादकाचा निर्णय चुकला असेल तर पुढच्या अभ्यासकाला तो फिरवता यावा, ही त्यामागची नीती होती. एका बटणाने काहीशे नोंदी पुसणाऱ्याला ही नीती ठाऊक नसते.

मग सुरक्षित काय? जो प्रोग्रॅम आपण स्वतः काढला, ज्याचे नाव आपण ओळखतो आणि जो अजूनही प्रोग्रॅमांच्या यादीत रेंगाळतो, त्याची तेथील नोंद काढता येईल. संगणक सुरू होताना नसलेल्या फाइलीला हाक मारणारी ओळखीची नोंदही काढता येईल. महिरपी कंसांतल्या बत्तीस अंकाक्षरांच्या नोंदी, सामायिक फाइली, सेवा आणि फॉन्ट यांना मात्र न कळता हात लावू नये. जे काढायचे ते आधी 'एक्स्पोर्ट' करून ठेवावे, कारण रजिस्ट्रीला कचरापेटी नसते. 'रेगबॅक' फोल्डरात आपोआप होणारी राखीव प्रतही विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून (२०१८) थांबली आहे.

एखादी नोंद का हवी, हे सिद्ध करण्याची जबाबदारी नोंदीवर टाकता येत नाही. ती का नको, हे काढणाऱ्याने सांगितले पाहिजे. ज्याला ते सांगता येत नाही, त्याने आमच्या विभागाच्या संगणकाला हात लावू नये, एवढीच आमची मागणी आहे.