तळ्यात की मळ्यात?

२३ जून २०१६ च्या रात्री दहा वाजता ब्रिटनमधील मतदान संपले, तेव्हा निकाल काय लागणार याविषयी लंडनमधील जाणकारांच्या मनात फारशी शंका उरली नव्हती. 'युगव्ह' या संस्थेने त्याच दिवशी मतदारांना विचारून काढलेला अंदाज होता : युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने ५२ टक्के आणि बाहेर पडण्याच्या बाजूने ४८ टक्के. संघातून बाहेर पडणे हाच ज्यांच्या राजकारणाचा एककलमी कार्यक्रम होता, ते नायजेल फराजही 'राहा' पक्षाची सरशी होईलसे दिसते, असे बोलून बसले. मध्यरात्रीच्या सुमारास संडरलँडचा निकाल आला. तेथील ६१ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला होता. पहाटेपर्यंत जाणकारांचा तो आकडा शब्दशः उलटा झाला. १ कोटी ७४ लाख मते बाहेर पडण्यासाठी, १ कोटी ६१ लाख मते राहण्यासाठी. सकाळी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी पायउतार होण्याची घोषणा केली आणि पौंडाचा भाव तीन दशकांतील नीचांकावर घसरला.

या घटनेला आता दशक लोटत आले. 'ब्रेक्झिट' बरे की वाईट, यावर या काळात ग्रंथालये भरतील इतके लिहिले गेले. आम्हाला येथे त्या वादात शिरायचे नाही. आमच्या कुतूहलाचा विषय आहे तो मतदानापूर्वीच्या आठवड्यांत प्रत्येक पाहणीच्या तळाशी, बारीक अक्षरांत छापला जाणारा एक रकाना : 'अद्याप ठरलेले नाही'. त्या रकान्यातील माणूस कोण होता, तो काय विचार करीत होता आणि त्याच्याविषयी दोन्ही बाजूंनी काय गृहीत धरले होते, हे पाहण्यासारखे आहे. सार्वमताचा निकाल बहुधा तोच ठरवतो आणि बहुधा त्यालाच कोणी ओळखत नसते.

कॅमेरून यांनी जानेवारी २०१३ मध्ये सार्वमताचे आश्वासन दिले, ते मुख्यतः आपल्याच हुजूर पक्षातील कलह मिटवण्यासाठी. घरातले भांडण चव्हाट्यावर नेऊन मिटवावे, असा हा प्रकार होता. यापूर्वी १९७५ मध्ये ब्रिटिश जनतेने याच प्रश्नावर ६७ टक्के मतांनी 'राहा' असे सांगितले होते. २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचा प्रश्न ५५ विरुद्ध ४५ असा निकालात निघाला होता. तेथेही मतदानाच्या अकरा दिवस आधी एका पाहणीत स्वातंत्र्यवादी पुढे दिसले होते. अखेरच्या क्षणी मात्र द्विधा मनःस्थितीतील मतदाराने आहे ते राखणेच पसंत केले. कॅनडातील क्युबेक प्रांतात १९९५ मध्ये तर शेवटच्या पाहण्या विभक्ततेच्या बाजूला झुकल्या असताना ५०.५८ विरुद्ध ४९.४२ टक्के इतक्या निसटत्या फरकाने प्रांत कॅनडात राहिला. या उदाहरणांवरून एक नियमच तयार झाला. ज्याचे ठरलेले नसते, तो मतपेटीपाशी गेल्यावर अज्ञाताला भितो आणि जैसे थे स्थितीला कौल देतो, असा हा नियम. ब्रिटनमधील काही पाहणी-संस्थांनी अखेरच्या दिवसांत अनिश्चित मतदारांची वाटणी करताना 'राहा'च्या पारड्यात जास्त माप टाकले, ते याच विश्वासावर.

वास्तविक इशारे मिळत होते. दूरध्वनीवरून केलेल्या पाहण्यांत 'राहा' चांगलेच पुढे दिसे, तर संगणकावर उत्तरे घेणाऱ्या पाहण्यांत दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीत असत. एकाच देशात, एकाच आठवड्यात हा फरक का पडावा? माणसाला अनोळखी आवाज विचारतो तेव्हा तो सभ्य, सर्वमान्य उत्तर देतो. एकटा पडद्यासमोर बसला की मनातले सांगतो, असे एक स्पष्टीकरण त्या वेळी दिले जात होते. घरी सापडणारी आणि फोन उचलणारी माणसे वेगळी, हे दुसरे. कारण कोणतेही असो, ओपिनियम आणि टीएनएस या दोन संस्थांच्या अखेरच्या ऑनलाइन पाहण्यांत 'बाहेर पडा' किंचित पुढे होते. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. ऐकायचे नसले की दवंडीही ऐकू येत नाही.

मतदानानंतर लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांनी बारा हजारांहून अधिक मतदारांची पाहणी केली. तिच्यातून दिसलेली गोष्ट अशी की, जवळपास एक चतुर्थांश मतदारांनी आपला निर्णय शेवटच्या आठवड्यात घेतला आणि दहांतील एकाने तर मतदानाच्या दिवशीच. चार दशकांच्या प्रश्नावर, चार महिन्यांच्या प्रचारानंतर, लक्षावधी माणसे मतदान केंद्राच्या वाटेवरही मनाशी तोलत होती. याला कोणी अज्ञान म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. ज्याच्या मनात दोन निष्ठांची ओढाताण असते, त्यालाच ठरवायला वेळ लागतो. इंग्लंडच्या उत्तरेकडील औद्योगिक गावांतला मजूर पक्षाचा पिढीजात मतदार घ्या. त्याचा पक्ष 'राहा' म्हणत होता. संडरलँडसारख्या गावात मोटारींचा मोठा कारखाना युरोपच्या बाजारपेठेवर चालत होता. त्याच वेळी आपल्या देशाचे कायदे आपल्या संसदेने करावेत, आपल्या देशात कोणी यावे हे आपण ठरवावे, ही त्याची भावनाही खरी होती. पोट एकीकडे, अभिमान दुसरीकडे. अशा माणसाने चटकन उत्तर दिले असते, तरच नवल.

या माणसाशी 'राहा' पक्षाने काय संवाद केला? त्याला भीती घातली. अर्थखात्याने एप्रिलमध्ये अहवाल काढून सांगितले की, बाहेर पडल्यास २०३० पर्यंत प्रत्येक कुटुंबामागे वर्षाला ४,३०० पौंडांचे नुकसान होईल. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी मतदानाला आठवडा असताना करवाढीच्या आणि कपातीच्या तातडीच्या अंदाजपत्रकाची धमकी दिली. अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा लंडनला येऊन सांगून गेले की, व्यापारी करारासाठी ब्रिटनला रांगेच्या शेवटी उभे राहावे लागेल. सरकारने ९३ लाख पौंड खर्चून घरोघर पत्रक पाठवले. यांतले काही इशारे अगदीच निराधार नव्हते, हे पुढे दिसले. पण ज्याच्या गावातली खाण पस्तीस वर्षांपूर्वी बंद पडली, त्याला 'तुझे नुकसान होईल' म्हणून सांगणे म्हणजे नागव्याला चोराची भीती दाखवण्यासारखे होते. आणि त्या सांगण्यातला सूर असा की, शहाण्यांनी ठरवले आहे, तू फक्त शिक्का मार. उमरावी बंगल्यांतून आलेला असा उपदेश कोणत्याही स्वाभिमानी समाजाला रुचत नाही.

दुसऱ्या बाजूचे हातही स्वच्छ होते असे नाही. आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, ते आपल्या आरोग्यसेवेला देऊ, असे लाल बसवर रंगवून ही मंडळी देशभर फिरली. हा आकडा ब्रिटनला मिळणारी सूट वजा न करता काढलेला होता. सरकारी आकडेवारीवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाने तो दिशाभूल करणारा असल्याचे बजावले, तरी बस फिरतच राहिली. मात्र या पक्षाने एक गोष्ट अचूक हेरली होती. 'सूत्रे पुन्हा आपल्या हाती घ्या' ही त्याची घोषणा काठावरच्या मतदाराला बिचारा न मानता मालक मानत होती. ॲशक्रॉफ्ट यांच्या पाहणीत बाहेर पडण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणून मतदारांनी सांगितले ते हेच : आपल्या देशाचे निर्णय आपल्या देशात व्हावेत. पैशाचा हिशेब त्यानंतर. राष्ट्रभावना ही केवळ मागासलेल्यांची व्याधी आहे असे मानणाऱ्या विद्वानांना हे उत्तर समजले नाही, आणि अनेकांना ते अद्यापही समजलेले नाही.

या सार्वमतात २०१५ च्या सार्वत्रिक निवडणुकीपेक्षा सुमारे २८ लाख अधिक मते पडली. एरवी मतदानाला न जाणारा वर्ग या वेळी घराबाहेर पडला. तो पाहणी-संस्थांच्या हिशेबात नव्हता, कारण 'हे कशाला जातील मतदानाला' असे मानून त्यांचे वजन कमी धरण्यात आले होते. दोन्ही बाजूंतला अंतिम फरक होता सुमारे १२ लाख ७० हजारांचा. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

भारतीय वाचकाला एक तपशील मनोरंजक वाटेल. या सार्वमतात ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मताधिकार होता. म्हणजे नोकरीनिमित्त स्लाव किंवा हाऊन्स्लोला राहणारा, भारतीय पारपत्रधारक मराठी अभियंता मत देऊ शकत होता. वीस वर्षे तेथे संसार थाटलेला फ्रेंच किंवा पोलिश शेजारी मात्र देऊ शकत नव्हता. साम्राज्याच्या जुन्या हिशेबातली ही शिल्लक! स्लावने ५४ टक्क्यांनी बाहेर पडण्याचा, तर शेजारच्या हाऊन्स्लोने ५१ टक्क्यांनी राहण्याचा कौल दिला. भारतीय वंशाच्या प्रीती पटेल बाहेर पडण्याच्या प्रचारात आघाडीवर होत्या, तर तिथल्या बहुसंख्य भारतीयांचा कल राहण्याकडे होता. एकाच वस्तीत, एकाच स्नेहसंमेलनात दोन्ही मते नांदत होती.

मराठी माणसाला सार्वमताचा अनुभव नवा नाही. आपल्या राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. परंतु खास कायदा करून १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल घेण्यात आला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की संघराज्य प्रदेश म्हणून वेगळे राहायचे, हा प्रश्न होता. विलीनीकरणासाठी फूल, वेगळेपणासाठी दोन पाने. भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाच्या घोषणेवरच सत्तेवर आला होता. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून त्यांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. आचार्य अत्र्यांसारखे वक्ते विलीनीकरणासाठी झुंजत होते. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांना वाटत होते की, निकाल ठरल्यातच जमा आहे. प्रत्यक्षात १,७२,१९१ मते वेगळेपणाला आणि १,३८,१७० मते विलीनीकरणाला पडली. आणि गंमत अशी की, दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच जनतेने बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले!

याचा अर्थ काय लावायचा? भाऊंवर प्रेम करणाऱ्या, घरात मराठी पोथ्या वाचणाऱ्या अनेक मतदारांनी फुलावर शिक्का मारला नाही. एवढ्या मोठ्या राज्यातला एक कोपऱ्यातला जिल्हा होऊन आपले काय होईल, नोकऱ्या कोणाला मिळतील, महाराष्ट्रातली दारूबंदी आली तर माडावर पोट असलेल्यांनी काय करायचे, हे प्रश्न त्यांच्या मनात होते. 'राष्ट्रमत' सारखे मराठी दैनिक हे प्रश्न मराठीतूनच मांडत होते. विलीनीकरणवादी मात्र भाषिक अस्मितेचा जयघोष करण्यात गुंतले होते. पक्षाचा मतदार तो आपल्या प्रश्नाचाही मतदार, हे त्यांनी गृहीत धरले. संडरलँडमध्ये मजूर पक्षानेही तेच केले. निवडणुकीत माणूस आपल्या माणसाला मत देतो. सार्वमतात त्याच्या हातात नुसता प्रश्न असतो आणि मागे वळून पाहिले तर ओळखीचा चेहरा नसतो.

आपल्याकडे मतदारयादी घेऊन घरोघर जाणारे कार्यकर्ते नावांपुढे खुणा करतात : आपले, त्यांचे आणि काठावरचे. पहिल्यांच्या घरी चहा होतो, दुसऱ्यांचे दार टाळले जाते आणि तिसऱ्याच्या हाती पत्रक देऊन पुढे सरकले जाते. 'बघू' एवढेच तो म्हणतो. त्या 'बघू'च्या पोटात काय दडले आहे हे कळायला त्याच्या ओट्यावर अर्धा तास बसावे लागते, आणि त्यातली पंचवीस मिनिटे आपण गप्प राहावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणूनच ते पाहणी-संस्थांच्या हवाली केले जाते.

ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२३ मध्ये या काठावरच्या मतदाराचा फार चतुर उपयोग झाला. मूळ रहिवाशांचे म्हणणे संसदेपुढे मांडणारे मंडळ घटनेत असावे का, हा तेथे प्रश्न होता. वर्षभर आधीच्या पाहण्यांत बहुमत अनुकूल होते. विरोधकांनी मग एक साधी घोषणा दिली : माहीत नसेल तर 'नाही' म्हणा. समजून घेण्याचा भारच मतदाराच्या डोक्यावरून उतरवला. साठ टक्के मतदारांनी 'नाही' म्हटले आणि सहाही राज्यांत प्रस्ताव पडला. समर्थकांना तपशील विचारला की ते सद्भावनेचे आवाहन करीत. प्रश्न विचारणाऱ्याला सद्भावना शिकवली की तो दुखावतो. विरोधकांच्या घोषणेत काही नीतिमत्ता होती असे आम्ही म्हणणार नाही; पण तिला वाव कोणी दिला, हेही पाहिले पाहिजे.

ब्रिटनच्या मतपत्रिकेवरील प्रश्नाची भाषा निवडणूक आयोगाने कसून तपासली होती. मूळ प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे होते. 'हो' म्हणणाऱ्या बाजूला त्याचा फायदा मिळू शकतो, म्हणून आयोगाच्या सूचनेवरून 'सदस्य राहावे' की 'बाहेर पडावे' असे दोन पर्याय दिले गेले. एवढी काळजी घेऊनही एक उणीव राहिली. राहणे म्हणजे काय हे ठाऊक होते; बाहेर म्हणजे नेमके कुठे, हे कोणीच लिहून दिले नव्हते. सामायिक बाजारपेठेत राहायचे की तीही सोडायची? उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यामधल्या सुमारे ५०० किलोमीटरच्या सीमेवर जकातनाके येणार का? टोनी ब्लेअर आणि जॉन मेजर हे दोन माजी पंतप्रधान मतदानापूर्वी एकत्र उत्तर आयर्लंडला जाऊन हा प्रश्न विचारून आले. प्रचाराच्या धुरळ्यात तो विरून गेला. काठावर बसलेला मतदार जर हेच विचारत असेल, तर देशातला सर्वांत शहाणा माणूस तोच होता.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात थेरेसा मे यांचे पंतप्रधानपद गेले. जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा करार संसदेने २३० मतांच्या फरकाने फेटाळला. बोरिस जॉन्सन यांनी डिसेंबर २०१९ ची निवडणूक जिंकल्यावर ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन अखेर बाहेर पडला, पण आयर्लंडच्या सीमेचा गुंता तसाच राहिला. तो सोडवण्यासाठी ऋषी सुनक यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये युरोपीय संघाशी विंडसर येथे पुन्हा नवी चौकट ठरवावी लागली. मतदान होऊन तोवर साडेसहा वर्षे उलटली होती.